सुतळीने शिवलेला चंद्र

शुक्रवार, २ जानेवारी

माझी चिठ्ठी निघाली! अखेर!

दंतवैद्य डॉक्टरीणबाईंनी दुपारी मुद्दाम फोन करून सांगितलं. शनिवारी त्यांचा दवाखाना लवकर बंद होतो आणि मग त्यांच्या वेटिंग रूममध्ये आमचं वाचनमंडळ जमतं. भिंतीवर दातांचे तक्ते, खाली खुर्च्यांची रांग, आणि तिथे बसून आम्ही परग्रहांवरच्या लढायांबद्दल भांडतो. नियम साधे. फक्त अद्भुत आणि विज्ञानाच्या गोष्टी. कोण सध्या काय वाचतंय ते आधी सांगायचं. मग ज्याची चिठ्ठी निघाली असेल त्याने आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक मांडायचं, आणि बाकीच्यांनी ते वाचायचंच. वाचून जर कोणालाच आवडलं नाही, तर मांडणाऱ्याने महिनाभर सगळ्यांचे कप विसळायचे. आमच्यातल्या मास्तरांनी मागे 'गुरुत्वाकर्षणाची सुट्टी' नावाचं पुस्तक मांडलं होतं. अजून विसळतायत बिचारे.

पुस्तक कोणतं मांडायचं याचा विचारच करायला नको. पोतं! दुसरं कोणतं?

रविवार, ४ जानेवारी

दादाचा रविवारचा फोन. ठरलेला पहिला प्रश्न - "काय वाचतेस, चिमे?" वयाची साठी जवळ आली तरी मी याची चिमीच.

सांगितलं, 'सावल्यांचा दलाल' वाचतेय. एका शहरात माणसं आपल्या सावल्या भाड्याने देतात. सकाळी द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. एके दिवशी एकीला दुसरीच सावली परत मिळते.

"शेवट चांगला आहे का?"

हा त्याचा दुसरा प्रश्न. हाही ठरलेला. दादा स्वतः गोष्टीची पुस्तकं वाचत नाही. लहानपणी पुस्तकात नाक खुपसून बसायचा, मग एकदम सुटलं त्याचं. पण माझ्याकडून ऐकतो सगळं, आणि आधी शेवट विचारतो. मी नेहमी चिडते. अरे, शेवट आधी सांगितला तर राहिलं काय? तो म्हणतो, "शेवट गोड असेल तर मग मधलं कितीही भयंकर चालतं मला."

मग जरा खाकरला. म्हणजे काहीतरी आहे हे मी ओळखलं. तिकिटं आली म्हणे. एक फेब्रुवारीचं विमान. वहिनी आणि तो, कायमचे परदेशात मुलाकडे. जाणार जाणार हे वर्षभर चाललंच होतं, पण आता तारीखच आली.

"एक मागू? जाताना ते पोतं मला देशील?"

मी म्हटलं, "तुला कशाला? तू वाचत तर नाहीस!"

"असंच गं. राहू दे, राहू दे."

देणार नाही. घर माग, दुकान माग. पोतं नाही.

सोमवार, ५ जानेवारी

दुकानात दिवसभर गर्दी. एका बाईंना नवऱ्याचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो भिंतभर करून फ्रेममध्ये हवा. "हसरा एकही नाही हो त्यांचा." फोटोभोवती फिकट निळ्या पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घातला. थोडे हसल्यासारखे वाटतात.

गुरुवार, ८ जानेवारी

शनिवारी काय बोलायचं ते लिहायला बसले आणि भलतंच आठवत बसले.

'मिठाचा चंद्र' - हे पोत्याचं खरं नाव. आईने दादाच्या वाढदिवसाला आणलं होतं. जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. दादा तेरा वर्षांचा, मी आठची. मला हात लावू द्यायचा नाही. "तू अजून लहान आहेस, चित्रं नाहीत त्यात." मी त्याच्या खांद्यावरून डोकवायची आणि तो पुस्तक वर वर न्यायचा.

मग आई आजारी पडली. इस्पितळात गेली. आम्हाला भेटायला नेत नव्हते. दादा इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून ते पुस्तक वाचायचा, असं बाबा नंतर कधीतरी म्हणाले होते. आई घरी आलीच नाही.

मला काही कळत नव्हतं असं नाही. सगळं सांगितलं होतं मला. पण सांगितलं म्हणजे पटलं, असं थोडंच असतं! मी आपली रोज शाळेतून आले की दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. शेजारच्या काकू उठवायच्या, मी परत बसायची. आठवलं की अजून त्या थंडगार दगडाचा स्पर्श आठवतो. बाबा कामावर. दादा घर बघायचा. भात करपवायचा, माझी वेणी अशी घालायचा की ती डाव्या कानावर निघायची.

त्याच दिवसांत मी पुस्तकासाठी हट्ट धरला. मला तेच हवं. आईने आणलेलं. दादा आज देतो, उद्या देतो करत राहिला. मग म्हणाला, पुस्तक फाटलंय, शिवायला काढलंय. आणि बऱ्याच दिवसांनी हातात ठेवलं ते - पोतं! निळा पुठ्ठा गेलेला, त्याजागी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा. दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवलेलं. बाबा बघून म्हणाले, "हे पुस्तक आहे की बटाट्याचं पोतं?" तेव्हापासून हेच नाव.

दादाचं हातकाम म्हणजे काय सांगावं! त्याने लावलेल्या फळीवरून पेन्सिल गडगडत खाली येते. त्याने शिवलेलं बटण शर्टाबरोबर बनियनलाही शिवलेलं असतं. माझ्या फ्रेमच्या दुकानाच्या उद्‌घाटनाला हौसेने एक तसबीर टांगली, तीही उलटी. पोत्यात त्याने पानांचा खालचा समासच छाटून टाकलाय. फाटका भाग कापला म्हणे.

पण त्या पोत्याने मला उंबऱ्यावरून उठवलं. हे मात्र खरं.

शनिवार, १० जानेवारी

जिंकले! काय बोलले मी आज! मला स्वतःलाच माहीत नव्हतं माझ्यात इतकं आहे.

आधी सगळ्यांचं सध्याचं वाचन झालं. बेकरीवाली सध्या 'काचेच्या माशांचं राज्य' वाचतेय. तिची नेहमीची तक्रार - "या राजांना कधी भूक लागत नाही का? तीनशे पानं लढतायत, एक पाव तरी खा!" मास्तर एका यानाच्या स्फोटावर अडलेत. अवकाशात हवा नाही तर आवाज कसा आला? मास्तरांनी शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, ते काही अंगातून जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, ड्रॅगन चालतो तुम्हाला, आवाज चालत नाही?"

मग मी. पोतं पिशवीतून काढलं तेव्हा बेकरीवाली फस्सकन हसली. हसू दे.

सांगितलं - मिठाचा एक चंद्र आहे. पांढराशुभ्र, कोणी राहत नाही. तिथे येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांसाठी एक दिवा आहे, आणि तो सांभाळायला एक आई आणि तिची दोन मुलं. गोष्ट सुरू होते तीच मिठाच्या वादळाने. दिवा विझतो. आई तो दुरुस्त करायला बाहेर जाते आणि परत येत नाही. मुलं वाट बघतात, बघतात, आणि शेवटी छोट्या होडीत बसून एकटीच अंतराळात निघतात. हे सगळं पहिल्या अर्ध्या भागातच! मला आठव्या वर्षी वाटलं होतं, आता कसं व्हायचं यांचं? आणि मग पान उलटलं, तर काय - तिघंही चंद्रावर नुकतीच उतरतायत! आई घराच्या खिडक्या मोजतेय. मुलं मिठावर घसरगुंडी करतायत. म्हणजे मुलं इतकी दूर गेली, इतकी दूर गेली, की काळच मागे फिरला आणि ती पुन्हा आईपाशी पोचली! आणि लेखक एका शब्दाने हे सांगत नाही. यंत्र नाही, जादू नाही, काही नाही. आपलं आपण समजायचं. पानांवर आकडेसुद्धा नाहीत - काळ उलटा असेल तर पानं मोजणार कशी? आणि शेवटचं वाक्य तर मला झोपेत विचारा - 'दिवा लागला होता, आणि आई दारात उभी होती.'

बेकरीवालीने पदराने डोळे टिपले. मास्तर - मास्तर! - म्हणाले, "काळाची अशी हाताळणी मी कुठे वाचलेली नाही. शाब्बास."

पोतं मात्र वाचायला दिलं नाही. नियमाप्रमाणे द्यायला हवं होतं, पण पानं सुटायला आलीत. मास्तर म्हणाले, काळजी नको, एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी त्यांचा विद्यार्थी आहे, तो कुठूनही प्रत काढून देईल.

एवढी खुशीत मी कित्येक दिवसांत नव्हते.

बुधवार, १४ जानेवारी

'सावल्यांचा दलाल' संपलं. शेवट फसला. सावली परत मिळवायला नायिका कोर्टात जाते! इतकी छान कल्पना आणि शेवटी वकील! तरी पहिल्या अर्ध्यासाठी वाचाच असं शनिवारी सांगणार.

शनिवार, १७ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

मास्तरांना प्रत मिळाली. निळ्या पुठ्ठ्याची, अगदी तशीच. ती बघूनच मला भरून आलं. पण मास्तर नजर चुकवत होते. चहा झाला तरी कोणी विषय काढेना. शेवटी मास्तरच घसा साफ करून म्हणाले, "ताई, कसं सांगू... तुमच्या पुस्तकातला काळ उलटा नाही. तुमचं पुस्तक उलटं शिवलंय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी प्रत उघडून दाखवली. पहिल्या पानावर 'भाग पहिला' - आई खिडक्या मोजतेय. मधे 'भाग दुसरा' - वादळ. पानांवर खाली आकडे, एकापासून ओळीने. साधी, सरळ गोष्ट. तिघं चंद्रावर येतात, राहतात, आई जाते, मुलं निघतात. संपलं. काळ कुठेच मागे फिरत नाही. दादाने दुसरा भाग आधी शिवला आणि पहिला नंतर!

बेकरीवालीने तोंडावर हात दाबला, पण तिला आवरेना. हसता हसता खुर्चीतून घसरली. मग डॉक्टरीणबाई. मग मास्तरही. बेकरीवाली म्हणाली, "आणि तुम्ही शाब्बास म्हणालात हो मास्तर! काळाची हाताळणी!" मीही हसले. काय करणार? कोणी मनाला लागावं म्हणून हसत नव्हतं. मलाही दुसऱ्या कोणाबद्दल कळलं असतं तर मीही लोळले असते.

मास्तरांनी प्रत मला दिली. "एकदा नीट क्रमाने वाचा. चांगलंच आहे पुस्तक. फक्त... वेगळं आहे."

घरी आले आणि हसू कुठे गेलं कळलं नाही. आयुष्यभर मी लोकांना जे पुस्तक सांगत आले ते नव्हतंच. असं पुस्तक कोणी लिहिलंच नव्हतं. शाळेत सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, दुकानात फ्रेम घ्यायला आलेल्या अनोळखी माणसांना सांगितलं. आईची आठवण म्हणून माझ्यापाशी दुसरं आहे तरी काय? तिचा आवाजसुद्धा आता नीट आठवत नाही. दारात उभी असलेली ती आई - मी ती आमचीच समजत होते.

निळी प्रत कपाटावर ठेवली आहे. उघडणार नाही.

रविवार, १८ जानेवारी

"काय वाचतेस, चिमे?"

आज ते ऐकूनच डोकं भडकलं. सगळं सांगितलं. मास्तर, निळी प्रत, सगळ्यांचं हसणं. मग म्हणाला, "असेल गं. शिवताना चुकलं असेल. माझे हात तुला माहितीयत."

आणि हसला! थोडंसंच, पण हसला.

मग मी सुटलेच. म्हटलं, तुला सगळं हसण्यावारीच न्यायचं असतं. एक गोष्ट, आईने आणलेली एकच गोष्ट, ती तुला धड शिवता आली नाही! चार लोकांत माझी शोभा झाली त्याचं काही नाही. पण माझं पुस्तक तू खराब केलंस, दादा. मला खोटंच पुस्तक दिलंस तू.

तो म्हणाला, "हो. माझी चूक." एवढंच. ना भांडला, ना समजूत घातली. दादा असा कधी गप्प बसत नाही. त्याने मलाही चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "आता ते पोतं टाकून देणार असशील तर..."

मी फोन ठेवला.

मंगळवार, २० जानेवारी

दोन फ्रेमच्या पट्ट्या चुकीच्या कोनात कापल्या. लक्ष नाही.

शनिवार, २४ जानेवारी

मंडळाला गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. हातात कपांची पिशवी. "म्हटलं, विसळायचे आहेत ना, पळून कुठे जाताय!" मग दोघीही हसलो. माझ्या स्टुलावर बसल्या, कात्रणांच्या ढिगाऱ्यात. म्हणाल्या, "एक सांगू? निळी प्रत तुम्हाला द्यायच्या आधी आम्ही तिघांनीही वाचली होती. मास्तर म्हणाले बरी आहे, बेकरीवाली म्हणाली बरी आहे. मग बेकरीवालीच म्हणाली, पण फ्रेमताईंनी सांगितलेली गोष्ट जास्त चांगली होती."

मी म्हटलं, ती कोणी लिहिलेली नाही हो. चुकून झालेली आहे.

"असेना का! आपल्याला लागू पडली ना?"

बरं वाटलं. राग मात्र गेला नाही. मास्तरांच्या पुस्तकावर नाहीच आहे तो. दादावरही नक्की कशाचा, ते मलाही सांगता येणार नाही. तो चाललाय याचाच असेल अर्धा.

रविवार, २५ जानेवारी

फोन वाजला. बघत बसले. वाजून वाजून थांबला.

दुपारी वहिनींचा आला. तो घेतला. "वन्सं, भांडलात का दोघं? हे काही सांगत नाहीत. सकाळपासून नुसते पेट्या भरतायत आणि परत रिकाम्या करतायत. पुढच्या रविवारी आम्ही नसू हो इथे."

म्हटलं, भांडलो नाही. म्हटलं, येते एकदा भेटायला. कधी, ते सांगितलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "तुमचं ते पुस्तक त्यांनी मागितलं म्हणून का? देऊ नका तुम्ही. आमच्या लग्नात तुम्ही ते वाचत कोपऱ्यात बसला होतात, आठवतंय? मी यांना विचारलं, ही असं काय वाचतेय? तर म्हणाले, ते बघितलं की मला बरं वाटतं. तेव्हापासून मी या भावंडांच्या भानगडीत पडत नाही!"

मला आठवत होतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं आणि दादा आता माझा एकटीचा राहणार नाही असं वाटून मी खुर्च्यांच्या मागे पोतं घेऊन बसले होते. दादा नव्या कपड्यांत मला शोधत आला. शेजारी खाली बसला, कपडे मळतील याची पर्वा न करता. विचारलं, "कुठपर्यंत आलीस?" मी म्हटलं, खिडक्या मोजतायत. "मग झालंच की," म्हणाला. "आता पुढे सगळं छानच आहे."

बुधवार, २८ जानेवारी

वाचलं. शेवटी वाचलं. दुकान बंदच ठेवलं आज.

निळी प्रत, पहिल्या पानापासून. मनात होतं की बघू तरी, एवढं काय आहे खऱ्या पुस्तकात. एकही शब्द नवा नाही. सगळी वाक्यं माझ्या ओळखीची, खिडक्या तीच आई मोजते, मुलं त्याच मिठावर घसरतात. पण यावेळी मी त्या घसरगुंडीला हसू शकले नाही. कारण पुढे काय आहे ते माहीत होतं. पोत्यात हा भाग येतो तेव्हा सगळं वाईट होऊन गेलेलं असतं, आणि आपण निवांत असतो. इथे सगळं अजून व्हायचं असतं.

अर्ध्यावर 'दिवा लागला होता, आणि आई दारात उभी होती' हे वाक्य आलं. इथे ते नुसतंच एका भागाचं शेवटचं वाक्य. खाली अर्धं पान कोरं. उलटलं तर 'भाग दुसरा'.

मग वादळ. मग आई बाहेर गेली. मुलगी खिडकीशी बसून राहिली. तिचा भाऊ तिला म्हणतो, ऊठ आता, आणि ती उठत नाही. किती वेळा वाचलंय मी हे! पण आज वाचताना मला तो उंबरा आठवला. होडी निघाली. आणि शेवटचं पान, शेवटचं वाक्य - 'दिवा त्यानंतर कोणी लावला नाही.'

पुढे काही नाही. पुठ्ठा.

मी तो पुठ्ठा पुन्हा उघडून बघितला. वेड्यासारखी. अजून एखादं पान असेल म्हणून.

खूप रडले. भर दुपारी, हुंदके देऊन. हे जर आठव्या वर्षी माझ्या हातात पडलं असतं तर? आई गेल्याला महिना-दोन महिने झालेले, आणि हे शेवटचं वाक्य! मी त्या उंबऱ्यावरून उठलेच नसते.

दादा, बरं झालं बाबा चुकलास. तुझ्या त्या आडव्यातिडव्या हातांचे उपकार. आणि मी तुला काय काय बोलले! उद्या फोन करते.

गुरुवार, २९ जानेवारी

फोन केला नाही. पोतं दुकानात नेलं होतं. मनात आलं, दादाला द्यायचंच, तर निदान नवा पुठ्ठा घालून देऊ. सुतळी तशीच ठेवायची. म्हणून ते कापायच्या टेबलावर, मोठ्या दिव्याखाली घेतलं. हे पुस्तक मी हजारदा वाचलंय, पण कारागिराच्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. माझं असलं म्हणजे काय बघायचं!

आज बघितलं. वहिनींना निरोप दिला, उद्या सकाळी येते.

शुक्रवार, ३० जानेवारी

दादाकडे जाऊन आले. घरभर पेट्या. पोतं त्याच्या हातात ठेवलं. त्याने आधी शेवटचं पान उघडलं, नेहमीसारखं.

मी म्हटलं, "दादा, मी माउंट कापून पोट भरते. खालचा समास फाटला म्हणून कापलेला नाही हा. पट्टी लावून, पाच-सहा पानं एकावेळी घेऊन, एकाच रेषेत कापलाय. सगळे आकडे गेले, पण शेवटच्या ओळीतला एकही उकार तुटलेला नाही. 'भाग पहिला' आणि 'भाग दुसरा' तर ब्लेडने असे काढलेत की जागा सापडत नाही. ज्याला बटण शिवता येत नाही त्याने हे केलं? ही चूक नव्हती ना?"

सुतळीवरून बोट फिरवत होता.

मग म्हणाला, "तू रोज दारात बसून असायचीस गं. कुठेतरी तिला घरी आणायलाच हवं होतं."